दोन रेघांचा इतिहास आणि आपलं वसई-विरार

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पण पावसाळा तोंडावर असताना हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

मुंबईपासून पालघरपर्यंत दर पावसाळ्यात एक वाद ठरलेला असतो. एखाद्या गल्लीत घरोघरी ताप येतो. खासगी डॉक्टर बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या किटवर रक्ताचा थेंब टाकतात, पंधरा-वीस मिनिटांत दोन रेघा उमटतात आणि चिठ्ठीवर 'डेंग्यू' लिहिलं जातं. समजा, गल्लीत असे दहा जण झाले. आठवड्यानं सरकारी आकडा येतो, त्यात त्या गल्लीचे दोनच. लोक म्हणतात, आकडे लपवले. आरोग्य खात्यातले म्हणतात, खासगीवाल्यांचं काय ऐकता, ती पट्टी आम्ही मोजतच नाही.

मी वसई रोड आणि नालासोपाऱ्यात तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केलंय. दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि बहुतेक जण प्रामाणिक आहेत. भांडणाचं मूळ त्या पट्टीत आहे. ती नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आपण कधी नीट समजून घेतलं नाही. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

निळ्या पाण्यापासून पट्टीपर्यंत

लघवीतली साखर हा आपल्या वैद्यकात फार जुना विषय. 'मधुमेह' या शब्दातच मध आहे. लघवीला मुंग्या लागतात, हे निरीक्षण आपल्या जुन्या वैद्यांनी केलेलं आहे. आधुनिक काळात १९०८ साली अमेरिकेतल्या स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी एक निळं द्रावण तयार केलं. मी कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे तेच चालायचं. परीक्षानळीत पाच मिली बेनेडिक्ट, त्यात आठ थेंब लघवी आणि खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल रंग. रंग बघून आम्ही एक अधिक, दोन अधिक असं लिहायचो.

या पद्धतीत एक गोची होती. बेनेडिक्ट फक्त ग्लुकोज ओळखत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईच्या लघवीत दुधातली साखर उतरलेली असली तरी रंग बदलतो. म्हणजे बाळंतिणीला उगाच 'डायबिटीस' चिकटायची भीती.

१९५६ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी, माइल्स लॅबोरेटरीजमध्ये काम करणाऱ्या हेलन आणि आल्फ्रेड फ्री या जोडप्याच्या संशोधनातून 'क्लिनिस्टिक्स' नावाची कागदी पट्टी बाजारात आली. तिच्या टोकाला ग्लुकोज ओळखणारं एन्झाइम सुकवून बसवलेलं होतं. दिवा नको, नळी नको. बुडवायची आणि रंग बघायचा. शिवाय एन्झाइम फक्त ग्लुकोजलाच प्रतिसाद देतं, त्यामुळे बाळंतिणीची गोची सुटली. १९६० च्या दशकाच्या मध्यात रक्तातल्या साखरेची पट्टी आली. आज घरोघरी असलेला ग्लुकोमीटर त्याच घराण्यातला.

या पट्टीनं सोय तर केलीच, पण रुग्णाला आपल्या शरीराची माहिती स्वतः, घरी, लगेच मिळू लागली. तोवर ती लॅबवाला आणि डॉक्टर यांच्या हातात होती. सत्ता कुठून कुठे सरकली ते बघा.

ती लाल रेघ सोन्याची असते

सत्ता सरकते म्हटल्यावर विरोध आलाच. १९२० च्या दशकाच्या शेवटी गर्भारपणाची चाचणी म्हणजे बाईची लघवी उंदराच्या मादीला टोचायची आणि काही दिवसांनी ती मारून तिचं बीजकोश बघायचं. पुढे ससे आले, बेडूक आले. १९६० च्या सुमारास प्राण्यांशिवाय, नळीत होणारी चाचणी आली. १९६७ साली न्यू जर्सीत ऑर्गनॉन कंपनीत काम करणाऱ्या मार्गारेट क्रेन या चित्रकार बाईंनी प्रयोगशाळेतल्या नळ्या बघून विचार केला, हे घरी का होऊ नये? त्यांनी घरगुती किटचा नमुना बनवला. बाईला डॉक्टरच्या आधी कळणं बरोबर नाही, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. अमेरिकेतल्या दुकानांत अशी किट यायला १९७७ उजाडलं.

आज आपण वापरतो ती पट्टी दोन शोधांच्या जोडीतून आली. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिल्स्टीन यांनी एकाच साच्यातली प्रतिद्रव्यं हवी तितकी बनवायची युक्ती शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. दुसरी युक्ती, ओलावा कागदातून आपोआप पुढे सरकतो या साध्या गोष्टीची. १९८८ साली 'क्लिअरब्लू'ची एका टप्प्यात होणारी चाचणी आली आणि तीच रचना आजपर्यंत चालू आहे.

किटच्या आत काय असतं? एका टोकाला थेंब पडतो. तो पुढे सरकताना वाटेत प्रतिद्रव्यं चिकटवलेले अतिसूक्ष्म कण भेटतात. बहुतेक किटमध्ये हे कण सोन्याचे असतात. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं न दिसता लाल दिसतं. आपण शोधत असलेला पदार्थ थेंबात असेल तर तो या कणांना धरतो आणि सगळी जोडगोळी पहिल्या रेघेवर अडकते. उरलेले कण पुढे जाऊन दुसऱ्या रेघेवर अडकतात. दुसरी रेघ एवढंच सांगते की पट्टी चालली. ती नसेल तर किट फेकून द्यायचं, निकाल वाचायचाच नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताईंच्या पिशवीत 'निश्चय' नावाचं गर्भारपणाचं किट आलं. नाव फार चांगलं निवडलंय. पाड्यावरच्या बाईला वेळेत कळलं तर ती लवकर नाव नोंदवू शकते किंवा नको असलेल्या गर्भाबाबत दिवस वाढायच्या आत निर्णय घेऊ शकते. पण या नावाच्याही मर्यादा आहेत. गर्भ राहिलाय हे पट्टी सांगते, तो गर्भाशयातच आहे हे सांगत नाही. नळीत राहिलेल्या गर्भालाही दोन रेघा येऊ शकतात आणि तो बाईच्या जिवावर बेतू शकतो. ते सोनोग्राफीत कळतं. पट्टीनं पहिला शब्द उच्चारला, शेवटचा अजून बाकी आहे. माझा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे.

मलेरिया, गोवा आणि ४१ किट

जुन्या मंडळींना आठवत असेल, ताप आला की मलेरियावाला घरी यायचा, बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचा आणि लगेच क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायचा. स्लाइड लॅबला जायची. तिथे ती बहुधा जेएसबी रंगानं रंगवली जायची. हा रंग आपलाच, जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४४ मध्ये तयार केलेला. रिपोर्ट यायला अनेक दिवस लागायचे, म्हणून संशयावरच गोळ्या देण्याची रीत होती. ज्याला मलेरिया नाही त्यालाही क्लोरोक्विन मिळायचं. ज्याला घातक फाल्सिपेरम आहे त्याला कळायला उशीर व्हायचा.

रॅपिड किटनं ही रीत मोडली. यात आपल्या शेजारचा मोठा वाटा आहे, हे फार लोकांना माहीत नाही. गोव्यातल्या वेर्ण्याच्या ऑर्किड बायोमेडिकल सिस्टिम्सचं 'पॅराचेक' हे किट एके काळी आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोचलेलं होतं. कोकण किनाऱ्यावर बनलेली पट्टी तिकडचा ताप तपासत होती, याचा मला अभिमान वाटतो.

पण बाजारात एका किटमागून दहा किट आली. सगळी सारखीच दिसायची. अखेर जागतिक आरोग्य संघटनेनं आणि तिच्या सहकारी संस्थांनी किट एकत्र जमवून एकाच कसोटीवर घासून बघितली. २००९ साली पहिल्या फेरीचा निकाल आला. ४१ किट तपासली होती. रक्तात जंतू भरपूर असतील तेव्हा बरीचशी किट पास. जंतू थोडे असतील तेव्हा मात्र काही उत्तम, काही जवळपास निकामी. बाहेरून सगळ्यांच्या रेघा सारख्याच. त्यानंतर खरेदी करताना हा निकाल बघायची शिस्त जगभर लागली.

आणखी एक गंमत सांगतो. फाल्सिपेरमची पट्टी जंतू शोधत नाही, त्यानं सोडलेलं प्रथिन शोधते. रुग्ण बरा झाला तरी ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं. औषध घेऊन बरा झालेला माणूस पुन्हा चाचणी करून 'अजून पॉझिटिव्ह' म्हणत घाबरून यायचा. पट्टी खरं बोलत होती, प्रश्न चुकीचा होता.

सरकारनं बंदी घातलेली चाचणी

आता वाईट प्रकरण. रक्तातली प्रतिद्रव्यं शोधून टीबी ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या आपल्या देशात वर्षानुवर्षं जोरात चालल्या. काही पट्टीवरच्या, काही एलायझाच्या. दरवर्षी लाखोंनी व्हायच्या. थुंकी तपासायला माणूस नाखूश असतो, रक्त पटकन देतो, रिपोर्ट छापील आणि रुबाबदार येतो. फक्त निकाल भरवशाचा नव्हता. टीबी नसलेल्यांना सहा महिने औषधं आणि टीबी असलेल्यांना 'काही नाही' म्हणून घरी.

जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं, या चाचण्या वापरूच नका. टीबीच्या बाबतीत एखादी चाचणी 'करू नका' असं तिनं सांगण्याची ती पहिलीच वेळ. जून २०१२ मध्ये भारत सरकारनं त्यांची आयात, निर्मिती आणि विक्री बंद केली. त्याच वर्षी मे महिन्यात टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद कळवणं बंधनकारक झालं होतं. मला हे दोन निर्णय जोडीनं महत्त्वाचे वाटतात. खोटी पट्टी हटवली आणि खऱ्या रुग्णाची मोजणी सुरू केली.

एचआयव्हीनं घालून दिलेला धडा

चांगलं उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात एचआयव्हीची रॅपिड चाचणी होते. लक्षणं नसलेल्या माणसाला एका पट्टीवर पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. पहिली प्रतिसाद देणारी निघाली तर वेगळ्या प्रकारची दुसरी, मग तिसरी. तिन्ही जुळल्यावरच रिपोर्ट. आधी समजावणं आणि संमती, नंतर पुन्हा समजावणं आणि औषधोपचाराशी जोडून देणं. पट्टी तीच स्वस्त आणि झटपट. तिच्याभोवती शिस्त उभी केली म्हणून ती विश्वासाची झाली. हे नाकोनं दाखवून दिलंय, आपल्याला परदेशात शोधायला जायला नको.

कोविड : घाई आणि अर्धं सत्य

ही सगळी शिदोरी हाताशी असताना २०२० मध्ये काय झालं? एप्रिलमध्ये चीनहून प्रतिद्रव्यं शोधणाऱ्या रॅपिड किटची खेप आली. राज्यांनी तक्रारी केल्या आणि २७ एप्रिलला आयसीएमआरनं ही किट वापरू नका, परत करा असं कळवलं. वितरकांमधलं भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं तेव्हा कळलं की २४५ रुपयांना आलेलं किट ६०० रुपयांना विकायचं ठरलं होतं. न्यायालयानं ४०० ची मर्यादा घातली.

१४ जून २०२० ला अँटिजेन किटला मान्यता मिळाली. आयसीएमआरनं आपल्या सूचनेत आकडे उघड छापले होते. रोग नसलेल्याला 'नाही' म्हणण्यात किट जवळपास अचूक, ९९.३ ते १०० टक्के. रोग असलेल्याला पकडण्यात ५०.६ ते ८४ टक्के. साध्या भाषेत, शंभर बाधितांपैकी कधी सोळा, तर कधी एकोणपन्नास जण पट्टीला दिसणारच नाहीत. म्हणूनच नियम होता : पॉझिटिव्ह आला तर पक्का. लक्षणं असून निगेटिव्ह आला तर आरटीपीसीआर केलीच पाहिजे. सप्टेंबरमध्ये केंद्राला हाच नियम राज्यांना पुन्हा ठणकावून सांगावा लागला, कारण तो पाळला जात नव्हता.

माझ्या ओळखीतल्या एका घरात कर्त्या माणसाला ताप होता, अँटिजेन निगेटिव्ह आली. 'निगेटिव्ह आहे ना, मग झालं', असं सगळे म्हणाले. पुढची चाचणी कोणी लिहून दिली नाही, कोणी मागितली नाही. पाचव्या दिवशी ऑक्सिजन शोधत फिरायची वेळ आली. माणूस वाचला, पण त्या पाच दिवसांत म्हातारी आई बाधित झाली आणि ती राहिली नाही. त्या कुटुंबाला मी पट्टी खोटी होती असं म्हणू शकत नाही. पट्टीनं जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं. अर्ध्या वाक्यावर सगळे थांबले.

मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबचं घरी करायचं किट २५० रुपयांना आलं. त्या माहितीपत्रकातही तेच : लक्षणं असून निगेटिव्ह आलात तर आरटीपीसीआर करा. छापलेलं होतं. वाचलं किती जणांनी?

आता आपल्या गल्लीतला डेंग्यू

आता सुरुवातीच्या वादाचा उलगडा करू. राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम असा की रॅपिड पट्टीवर आलेला डेंग्यू 'संभाव्य' धरायचा. 'निश्चित' धरायचा तो एलायझा चाचणीनंतर. त्यासाठी ठरावीक सरकारी प्रयोगशाळा नेमलेल्या असतात आणि आयजीएमची किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून पुरवली जातात. एलायझाच्या एका प्लेटला ९६ खळगे असतात. दोन-चार नमुन्यांसाठी प्लेट लावणं परवडत नाही, म्हणून नमुने साठेपर्यंत थांबलं जातं.

म्हणजे नियम चुकीचा नाही. टीबीच्या अनुभवानंतर एका पट्टीवर शिक्का न मारणं शहाणपणाचंच आहे. गडबड पुढे होते. ज्या रुग्णाचा दुसरा नमुना सरकारी प्रयोगशाळेत गेलाच नाही, तो 'निश्चित' कधीच होत नाही आणि जाहीर आकडा 'निश्चित'चाच असतो. गल्लीतले दहा जण बरे होऊन कामाला लागतात, कागदावर दोनच उरतात. फवारणी आणि अळ्या शोधण्याचं काम कागद बघून ठरलं, तर ती गल्ली राहून जाते. कोविडमध्ये आपण पट्टीचा पहिला शब्द शेवटचा मानला. डेंग्यूत तोच शब्द ऐकायचंच नाकारतो. दोन्हीकडे किंमत रुग्णच मोजतो.

वसई-विरारला हे जास्त लागू पडतं. चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून ३ जुलै २००९ ला ही महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या बारा लाखांवर होती, त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती तुम्ही बघताच आहात. मोठ्या इलाजाला आजही माणूस मुंबईकडे धावतो. अशा शहरात ताप आलेल्याला पहिलं उत्तर देते ती नाक्यावरच्या दवाखान्यातली पट्टी. पूर्वेच्या पाड्यांवर तर तिचं मोल आणखी आहे. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. जुन्या विद्राव्यता चाचणीत द्रावण गढूळ झालं की सिकलसेल आहे एवढंच कळायचं. तो वाहक आहे की रुग्ण, हे कळत नव्हतं. नवीन पट्टी बोटाच्या थेंबावरून तो फरक दाखवते. लग्नाच्या वयाच्या पोरांसाठी हा फरक म्हणजे आयुष्याचा प्रश्न आहे. पण तिथेही पक्का रिपोर्ट प्रयोगशाळेतूनच यायला हवा आणि तो पाड्यापर्यंत परत पोचायला हवा.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, पैशाच्या नाहीत, शिस्तीच्या आहेत.

१. पावसाळ्यात दर आठवड्याला प्रभागवार दोन आकडे शेजारी-शेजारी जाहीर करा : पट्टीवरचे संभाव्य आणि एलायझाचे निश्चित. फवारणी आणि अळ्यांची शोधमोहीम पहिल्या आकड्यावर ठरवा, दुसऱ्याची वाट बघू नका.

२. खासगी दवाखान्यातला पट्टी-पॉझिटिव्ह नमुना सरकारी प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची सोय पालिकेनं करावी. तापानं फणफणलेला माणूस स्वतः नमुना घेऊन हिंडणार नाही.

३. प्रत्येक रिपोर्टवर किटचं नाव, बॅच आणि मुदत छापा. बहुतेक खोक्यांवर तीस अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या गाळ्यात किती तापमान असतं, ते आपल्याला माहीत आहे.

आणि आपल्यासाठी एक. हातात पट्टीचा रिपोर्ट आला की डॉक्टरांना विचारा, 'आता पुढची चाचणी कुठली, आणि ताप उतरला नाही तर किती दिवसांनी परत येऊ?' चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही. तीस वर्षांत असा प्रश्न विचारणारे रुग्ण मला फार थोडे भेटले. या पावसाळ्यात ते वाढावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.